अकरा हालचाली आणि एक

"ताई, तुमच्या बाईंचा डावा पाय नीट पडत नाहीये," असं लाँड्रीवाले काका मला म्हणाले, तेव्हा मी हसले होते.

त्यांचं दुकान खाली, आमचा नाचाचा वर्ग वर, आणि मधे नुसत्या लाकडी फळ्या. नऊ वर्षं त्या फळ्यांखाली उभे राहून काका लोकांच्या शर्टांच्या कॉलरी दाबत होते. वर काय चालतं ते बघायला ते एकदाही जिना चढले नव्हते. "मला नाच कळत नाही," ते म्हणाले, "आवाज कळतो. पूर्वी दोन्ही टाचा सारख्या पडायच्या. आता उजवी पडते, मग डावी घासत येते, आणि तिच्या मागून बारीक टकटकटक होतं. सैल खिडकीला वारा लागल्यावर होतं ना, तसं."

माझी मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती, माझ्या खांद्यावर झोपलेली. मी तिचं डोकं सावरत म्हटलं, "अहो काका, ती थरथर असते. नाचातलीच. मुद्दाम करायची असते."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"मग ठीक आहे बुवा," असं म्हणून त्यांनी शर्टावर पाणी मारलं आणि वाफेत दिसेनासे झाले.

मी का हसले ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. मी हसणारी बाई नाही. मी घाबरणारी बाई आहे. त्याच आठवड्यात मी मुलीला तीनदा डॉक्टरांकडे नेऊन आणलं होतं. एकदा झोपेत तिचा श्वास मोजताना मधेच एक श्वास चुकल्यासारखा वाटला म्हणून, एकदा शी हिरवट होती म्हणून आणि एकदा डोकं मागून चपटं वाटतंय म्हणून. तिसऱ्या वेळी डॉक्टर माझ्याशी बोललेच नाहीत. नवऱ्याकडे बघून म्हणाले, "बाळ ठणठणीत आहे. यांना जरा मोकळं सोडा." घरी आल्यावर नवरा प्रेमानेच म्हणाला, "प्रत्येक गोष्ट आजार नसते गं." मला ते इतकं लागलं की मी मनाशी ठरवून टाकलं: बास. आता दिसेल त्यात दुखणं शोधायचं नाही. आणि ते मी नेमकं पाळलं, ते इथे.

वर्गाला मी पाठीसाठी जायला लागले होते. बाळंतपणानंतर कंबर धरायची, वाकलं की उठता यायचं नाही. कुणीतरी म्हणालं, बेली डान्स शिक, पाठ मोकळी होते. सासूबाईंनी नाव ऐकलं आणि हातातला कप खाली ठेवला. "पोटाचा नाच? आहे ते पोट कमी दिसतंय का, की आता हलवून दाखवायचं?" पण त्यांनीच मग कपाटातून एक जुनी ओढणी काढून दिली, कंबरेला बांधायला. मुलीला मी बरोबर न्यायची. घरी ठेवून माझा जीव रमला नसता. आरशाच्या बाजूला गोधडी अंथरून तिला तिथे ठेवायचे आणि एक डोळा तिच्यावर, एक डोळा बाईंवर.

बाई बावन्न वर्षांच्या. उंचीने लहान, केस पांढरे आणि लांब, पाठ अशी की मागून कुणी वीस-बावीसची मुलगी समजावं. सत्तावीस वर्षं शिकवत होत्या. वर्गाच्या मागच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. एक भाऊ होता, तो या नाचापायी बोलत नव्हता. "त्याला वाटतं मी अजून वाईट मार्गाला लागलेली आहे," बाई म्हणायच्या, "आणि इथे मला रस्त्याच्या पलीकडे जायला सवड नाही."

त्यांना शिकवता यायचं, पण सांगता यायचं नाही. "बघ आणि कर," एवढंच. मला बघून काही येत नाही. मूल होण्याआधी मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकवायची. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान अशा चार मथळ्यांखाली आल्याशिवाय गोष्ट माझ्या डोक्यात शिरत नाही. म्हणून मी एक जाड प्रयोगवही आणली आणि बाईंना म्हटलं, मी हा सगळा नाच सुटा करून लिहिणार आहे.

"लिही की," बाई म्हणाल्या. "वही तुझी, कंबर माझी."

सुटा केल्यावर तो अकरा हालचालींचा निघाला. कंबरेची उचल, कंबरेचा ठोका, सरक, गोल, आडवा आठ, उभा आठ, लाट, छातीची उचल, छातीचा गोल, खांद्यांची थरथर, गुडघ्यांची थरथर. एवढंच. बाकी जे काही दिसतं ते याचीच जुळणी. मला वाटत होतं कंबर हलवायची असते. बाई माझ्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "हिला सोड. हिला काही कळत नाही. गुडघा सरळ कर." गुडघा सरळ केला आणि कंबर आपोआप वर गेली. गुडघा सोडला, खाली आली. त्या दिवशी मी घरी येऊन नवऱ्याला तीनदा करून दाखवलं. तो म्हणाला, "गुडघा कुठे दिसतोय?" मी म्हटलं, "तेच तर!"

आठ शिकवताना बाई प्रत्येक नव्या बाईला बजावायच्या, "इंग्रजी आठ हं. मराठी आठ काढलात तर अर्ध्यात सुटून भिंतीवर जाल." लाट मला महिनाभर आली नाही. छाती, बरगड्या, पोट, ओटीपोट असं एकेक करून सोडायचं, चार मजल्यांच्या इमारतीतले दिवे वरून खाली एकेक मालवत यावेत तसं. माझे चारही मजले एकदम मालवायचे.

आणि एक गोष्ट बाई रोज सांगायच्या. ती मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिली होती. "हलतं ते सगळेच बघतात. तुम्ही न हलणारं बघा. कंबर फिरतेय आणि वर खांदे भिंतीसारखे, मग तो नाच. सगळंच हललं तर ते नुसतं हलणं."

काकांनी सांगितल्यानंतर दोनेक आठवड्यांनी मला ती थरथर दिसली.

दुसऱ्या हालचालीत, म्हणजे कंबरेच्या ठोक्यात, वजन उजव्या पायावर असतं आणि डावा पाय पुढे, चवड्यावर. बाई तशा उभ्या राहिल्या आणि डाव्या घोट्यातून एक बारीक, भराभर थरथर निघाली. सात-आठ ठोके, एका मापाचे. वर सगळं शरीर निश्चल. गुडघ्यांची थरथर मला माहीत होती, ती अकरावी. ही गुडघ्यातून येत नव्हती. मी घरी आरशासमोर तासभर उभी राहिले, मला एक ठोकाही काढता आला नाही.

दुसऱ्या दिवशी विचारलं, "बाई, ही कुठली?"

त्यांनी पटकन खाली बघितलं आणि टाच टेकवली. "ती? ती अशीच. तुला नाही जमायची."

आता मागे वळून बघताना ते "पटकन" मला दिसतं. तेव्हा मला फक्त "तुला नाही जमायची" ऐकू आलं. मला वाटलं, प्रत्येक वस्तादाकडे एक चीज राखून ठेवलेली असते, ती ही. आणि ती मी पकडली. मी वहीत नवं पान काढलं, तारीख घातली आणि लिहिलं:

"क्र. १२. घोट्याची थरथर. फक्त डावीकडे. कृती: चवड्यावर भार देताच सुरू होते, टाच टेकताच थांबते. निरीक्षण: आधी पाय किंचित घासतो, गुडघा उशिरा सरळ होतो. एका वेळी सात ते नऊ ठोके. दिवसाच्या शेवटच्या वर्गात जास्त. जिना चढून आल्यावर जास्त. अनुमान: अत्यंत वरच्या पातळीचं नियंत्रण."

हे शब्द माझे आहेत, शाईने लिहिलेले. मी ते खोडलेले नाहीत.

पुढच्या महिन्यांत निरीक्षणं वाढत गेली. "आता अकरा ठोके." "आता उजवीकडेही, पण कमी." प्रत्येक नोंदीला तारीख. प्रयोगशाळेची सवय.

बाई त्या सुमारास वर्गाची शेवटची पंधरा मिनिटं खुर्चीत बसायला लागल्या होत्या. भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून. "तुम्ही करा, मी कानाने बघते." आम्हाला वाटायचं, काय हा कान! त्या पंधरा मिनिटांत मी बाकीच्यांना बारावी शिकवली. आम्ही सहाजणी. त्यात एक दातांची डॉक्टरीण होती आणि एक खूप उंच मुलगी, जिला आम्ही उंची म्हणायचो. चवड्यावर घट्ट दाबायचं, पोटरी ताठ करायची, पाय किंचित ओढून आणायचा आणि वाट बघायची. पोटरी थकली की थोडी थरथर येते, तीच मग वाढवायची. उंचीला पहिल्यांदा जमली तेव्हा आम्ही तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरीणबाईंच्या पोटरीत गोळे आले. "मी दात काढते, मला पाय काढायला लावू नका," त्या कळवळत म्हणाल्या, पण सोडली नाही त्यांनीही.

बाईंचे डोळे मिटलेलेच असायचे. त्यांच्या कानावर पडायचा तो सहाजणींचा आवाज, उजवी पडते, डावी घासते, टकटकटक. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही, कारण तोच ठेका त्यांच्या स्वतःच्या पायांचा झाला होता.

माझी मुलगी त्या काळात पालथी पडली, मग बसली, मग आरशाला धरून उभी राहिली. बाई तिच्याकडे बोट दाखवायच्या. "हिच्याकडून शिका. मान वळवते तेव्हा फक्त मान वळवते."

सातव्या महिन्यात एक नवी आली. दुसरीकडे सहा वर्षं शिकलेली, इकडे राहायला आल्यामुळे वर्ग शोधत होती. पहिल्या दिवशी ती कडेला बसून नुसती बघत होती. शेवटची पंधरा मिनिटं सुरू झाली, बाई खुर्चीत बसल्या, आम्ही उभ्या राहिलो.

"एक विचारू का?" नवी म्हणाली. "राग मानू नका हं. तुमच्याकडे सगळ्यांचा डावा पाय असा का ओढतो?"

"ओढत नाही," उंची जरा ठसक्यात म्हणाली. "ती आमची बारावी आहे."

"बारावी काय?"

"बारावी हालचाल. आमच्या बाईंची आहे. बाहेर नाही मिळत."

बाईंनी डोळे उघडले. "बारावी कसली? अकरा आहेत."

उंचीने माझ्याकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "काय आहे ते करून दाखवा बरं."

आम्ही सहाजणी आरशासमोर उभ्या राहिलो. डावा पाय ओढून पुढे घेतला, चवड्यावर भार दिला. सहा घोटे फडफडायला लागले. बाकी सगळं आम्ही स्थिर ठेवलं होतं, त्यांनी शिकवल्याप्रमाणे. उत्तम झालं होतं. मला आठवतंय, मी मनात म्हटलं, आज सगळ्यांचं एकत्र आलं.

बाई खुर्चीला धरून उठल्या. आरशात बघत राहिल्या. इतका वेळ, की एकेकीने टाचा टेकवल्या.

"हे कुणी शिकवलं?"

"मी," मी म्हटलं. "म्हणजे तुम्हीच, बाई. मी फक्त लिहून काढलं." आणि वही त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती वही तोवर कधी उघडली नव्हती. उभ्यानेच ते पान वाचलं. बोट ओळीखालून फिरत होतं. मग त्यांनी पान उलटलं, पुढच्या तारखा बघितल्या, पुन्हा मागे आल्या.

"सात महिने," त्या म्हणाल्या. "सात महिने तू हे बघत होतीस?"

"हो," मी म्हटलं. माझ्या आवाजात अजून थोडा अभिमान होता.

"आणि मला वाटत होतं, कुणाला दिसत नाही." त्यांनी वही मिटली. "ती मी करत नाही गं. ती होते."

दुसऱ्या दिवशी मी आणि डॉक्टरीणबाई त्यांना मोठ्या रुग्णालयात घेऊन गेलो. रिक्षातून उतरताना डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "मी डॉक्टर आहे. मी ती थरथर पायांनी शिकले."

तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी बाईंना पलंगावर झोपवलं, डावं पाऊल तळव्याखाली धरून झटक्याने वर दाबलं. पाऊल त्यांच्या हातात फडफडायला लागलं. थांबेचना. ते ओठ हलवून ठोके मोजत होते, मी मोजायची तसे.

"हे केव्हापासून?"

"झाले थोडे दिवस," बाई म्हणाल्या.

मी पिशवीतून वही काढून पुढे केली. त्यांनी बाराव्या क्रमांकाचं पान दोनदा वाचलं. "हे तुम्ही लिहिलंय? तुम्ही वैद्यकीय शिकलाय?"

"नाही. रसायनशास्त्र."

"इतकं नेमकं आमचे विद्यार्थीसुद्धा लिहीत नाहीत." मग त्यांची नजर अनुमानावर गेली. त्यांनी वही उलटी करून टेबलावर ठेवली, आपण कुणाचं खाजगी पत्र बघितल्यासारखी.

पाठीच्या मध्यावर, मणक्याच्या आत, मज्जारज्जूला चिकटून एक गाठ होती. साधी, कर्करोगाची नाही, हळूहळू वाढणारी. काढता येण्यासारखी. प्रश्न एवढाच होता की मज्जारज्जू किती काळ दाबला गेलाय.

"सात महिन्यांपूर्वी आले असते तर?" बाईंनी विचारलं.

"ते आता कशाला."

"मला ऐकायचंय."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. "तर बहुतेक चालत घरी गेला असता," ते म्हणाले.

शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली. शस्त्रक्रियेआधीच लुळे पडलेले पाय परत आले नाहीत. आणखी तीन महिने व्यायाम देणारी एक मुलगी येत होती, पाय उचलायची, वाकवायची, ठेवायची. मग तिने बाईंना सांगितलं की आता जे आहे ते हे आहे.

रुग्णालयातून आणलं त्या दिवशी बावीस पायऱ्या चढवायला काका आणि समोरच्या दुकानातले दोघे आले. खुर्चीत बसवून त्यांनी बाईंना उचललं. मी मुलीला घेऊन जिन्यात उभी होते. मला वाटलं, काका आता काहीतरी बोलतील. ओरडतील. बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "ताई, जरा बाजूला व्हा."

नवऱ्याने मला समजावलं. म्हणाला, तुझी काय चूक, त्यांनी स्वतः लपवलं, डॉक्टरीण होती तिला नाही कळलं. सगळं खरं आहे. पण ज्यांना कळलं नाही त्यांनी ते लिहून ठेवलं नव्हतं. आता मी मुलीला शिंक आली तरी डॉक्टरांकडे नेते, आणि कुणी मला काही म्हणत नाही. तेही बरं वाटत नाही.

सुरुवातीला मी रोज जायची. बाईंनी एकदा वही मागून घेतली आणि पेन्सिलीने अकरा हालचालींची यादी तपासली. उचल, ठोका, सरक, गोल, दोन्ही आठ, लाट, सगळ्यांवर रेघ. शेवटची गुडघ्यांची, तिच्यावरही. "आठ, नऊ, दहा राहिल्या," त्या म्हणाल्या. "छातीच्या दोन आणि खांद्यांची एक. तीन काही वाईट नाही." मग त्यांनी दोन्ही हातांनी आपलंच डावं पाऊल उचलून जमिनीवर चवड्यावर टेकवलं. ते फडफडायला लागलं. "आणि ही बघ तुझी बारावी. आता ती एकटीच येते. मला विचारतही नाही."

मी रडले. त्या नाही रडल्या. माझी मुलगी त्या पावलाकडे बघून खदखदून हसत होती, आणि बाई तिच्यासाठी ते पुन्हा पुन्हा करून दाखवत होत्या.

हळूहळू सहाजणींच्या चार झाल्या, मग दोन. वर्ग बंद, आरशावर चादर. डॉक्टरीणबाई एकदा जाऊन आल्या आणि मला फोनवर म्हणाल्या, "अगं, मस्त आहेत! केस विंचरलेले, काजळ, हात असे फिरवत बोलत होत्या, खांदे उडवून त्या नव्या मुलीची नक्कल काय केली! हसून हसून पोट दुखलं. तू उगीच जिवाला घोर लावून घेतेस."

"पाय कसे आहेत?"

"पाय..." त्या थांबल्या. "पायांवर चादर होती ना गं."

मी त्याच दुपारी गेले. बाईंनी मला बसू दिलं आणि मग म्हणाल्या, "तू येत जाऊ नकोस."

"का?"

"सगळे येतात, मी त्यांना वरचं दाखवते, ते खूश होऊन जातात. तू खाली बघतेस. तू आलीस की मला पाय आहेत याची आठवण होते."

मग त्यांनी मला दार उघडणं बंद केलं.

काकांनी दुकान बंद केलं. वाफेने त्यांचे डोळे गेले होते, ते आपल्या लेकीकडे राहायला निघाले. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला फोन केला. "ताई, वर आता आवाजच नाही. चाकांची खुर्ची फिरायची, तेवढं तरी कानावर यायचं. दोन आठवडे झाले, तीही फिरत नाही."

या वेळी मी हसले नाही. मुलीला उचललं आणि धावत गेले. दार वाजवलं. आतून बाईंचा आवाज आला, "मी मजेत आहे. जा तू." दोन मिनिटांनी पुन्हा वाजवलं, पुन्हा आवाज आला, त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून. खालून. पलंगावरून. मुलगी आता दीड वर्षाची आहे, धावते. तिने दोन्ही तळव्यांनी दार बडवलं. "तिला घरी ने," आतून आवाज आला, "जिन्यात गार लागतं."

फोन त्या उचलतात. छान बोलतात. परवा म्हणाल्या, "थांब हं, दूध उतू जातंय, बघून येते." आणि चार सेकंदांत परत आल्या. पलंगापासून ओटा अकरा पावलांवर आहे. मी मोजलेलं आहे.

सकाळी एक बाई सगळं करायला येते, असं त्या सांगतात. मी दोन सकाळी जिन्यात बसून राहिले, कुणी आलं नाही. तिसऱ्या सकाळी एक आली आणि दहा मिनिटांत बाहेर पडली. मी विचारलं, त्यांना अंघोळ घालतेस का, कूस बदलतेस का. ती म्हणाली, "तुम्हाला काही सांगायचं नाही असं सांगितलंय त्यांनी," आणि भराभर उतरून गेली. भावाला मी पत्र पाठवलं. उत्तर नाही. रुग्णालयात सांगितलं. तिथून एक माणूस येऊन गेला आणि त्याने लिहिलं की रुग्ण आनंदी आहे आणि मदत नको म्हणते. मला माहीत आहे त्याला काय दाखवलं असेल. आठ, नऊ, दहा.

मला आता काही बरं होईल असं वाटत नाही. पाय येणार नाहीत. मला क्षमा मिळणार नाही, मी ती मागितलेलीही नाही. पण जो माणूस एकाच कुशीवर पडून राहतो त्याच्या टाचांना आणि कंबरेला आधी लाली येते, मग कातडी जाते, आणि त्यांना ते दुखून कळणार नाही, कारण तिथे त्यांना काहीच कळत नाही. मी हे सगळं वाचलेलं आहे.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही त्या रस्त्याने जात असाल, खाली बंद पडलेली लाँड्री, बाजूने अरुंद जिना, कठडा निळा, तर वर जा. बावीस पायऱ्या आहेत. तुम्ही अनोळखी आहात, ते बरंच आहे, मला उघडत नाहीत पण तुम्हाला उघडायला लावतील. माझं नाव घेऊ नका. वर्ग अजून चालतो का, शिकायचं होतं, असं म्हणा. बाई किल्लीची जागा सांगतील. तुम्हाला बसवतील, हात फिरवून बोलतील, खांदे उडवतील, तुम्हाला हसवतील. हसा. त्या खूप छान हसवतात.

आणि मग खाली बघा. चादर त्यांनी स्वतः ओढून घेतली तरी बघा. टाचा बघा.

काय दिसलं ते मला कळवा. जसं दिसलं तसं. अनुमान काढू नका.